दोन्ही गावांत शून्य

नवेगाव बांध
६ एप्रिल २०२५

उमेंद्र,

वर 'चिरंजीव' लिहायला घेतलं होतं, पण हात पुढं सरकेना, म्हणून नुसतंच नाव. पुण्याच्या पत्त्यावर माझं पत्र पाहून तुला वाटेल, घरात मोबाईल असताना बाईला हे काय सुचलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. 'बाई, आधी ऐक तर' म्हणतोस, आणि मग मीच ऐकत बसते. थोरली मी आणि ऐकायचंही मीच, म्हणून या खेपेला कागद घेतला.

एकच विचारायचं आहे. तुझ्या अभ्यासात आपली धाकटी रिंकी कुठं आहे?

गोंदियाच्या सभागृहात तू बोललास छान. नवा कोट घातला होतास, मराठी-हिंदी दोन्ही सांभाळलीस, कलेक्टर कचेरीतल्या लोकांपुढं अडखळला नाहीस. मी मागच्या रांगेत केशोरीच्या सत्यभामाबाईंना घेऊन बसले होते. पडद्यावर तू जिल्ह्यातल्या आत्महत्यांच्या दांड्या लावल्यास, पुरुषांच्या निळ्या, बायकांच्या गुलाबी, वयाच्या गटागटानं उभ्या. पंधरा ते एकोणतीसच्या गटात गुलाबी दांडी निळीच्या डोक्यावरून गेलेली. चाळिशीत निळी चढते, गुलाबी खाली बसते. साठीनंतर आमच्या अर्जुनी मोरगावच्या बाजूला म्हातारे पुन्हा वर, आमगावच्या बाजूला तितके नाहीत. 'पेपरवाल्यांना चाळिशीतला पुरुष तेवढा दिसतो, विशीतली सून दिसत नाही,' असं तू म्हणालास तेव्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्या पहिल्या गुलाबी दांडीसाठी आपण दोघं हिवाळाभर दारोदार फिरलो होतो.

सत्यभामाबाईंनी माझ्या कानाशी विचारलं, "यात माही मोनाली हाये ना जी?" म्हटलं, आहे. मग म्हणाल्या, "अन तुमची रिंकी?" मी म्हटलं, तिच्या शेजारीच असेल की, एकाच वयाच्या दोघी. त्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं.

मग तू गावांचा तक्ता लावलास. नावं नव्हती, नुसते क्रमांक होते, पण ते क्रमांक लावले कोणी? घरून पोळीचा डबा घेऊन तुझ्या गाडीवर मागं बसलेल्या या बाईनंच. केशोरीसमोर आकडा होता. आपल्या गावासमोर, तरुण बायकांच्या रकान्यात, शून्य. मला वाटलं, सासरच्या गावात धरली असेल. तिथं पाहिलं. तिथंही शून्य.

आता तुला आठवण करून देते, कारण मोठा माणूस झाल्यावर माणसाला विसर पडतो. सुरुवातीला आपण दारात जाऊन विचारायचो, 'तुमच्या घरी पाच वर्षांत कोणी वारलं का?' लोक म्हातारे सांगायचे, तान्ही पोरं सांगायचे, सून कोणी सांगायचं नाही. सत्यभामाबाईंनीही 'कोनी नाई जी' म्हणून सांगितलं, चहा पाजला. आपण उठलो, चपला घातल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरीचं धरता का तुमी?"

ओसरीवर परत बसलो आपण. त्यांची लेक मोनाली माहेरी वारली होती, म्हणून सासरचे म्हणत, आमच्या घरी नाही मेली. आणि माहेरचे म्हणत, लेक दिल्या घरची, तिचं मरणही तिकडचंच. कोणी खोटं बोलत नव्हतं. आपल्याकडची रीतच अशी, की लग्न झालेली पोर दोन उंबऱ्यांच्या मधल्या जागेत राहते आणि मोजणाऱ्याला सापडत नाही. त्या दिवशी परतताना मी म्हटलं, प्रश्नच बदल. 'या घरची लेक, या घरची सून, कुठंही वारली असो.' तू गाडी थांबवून माझ्या पाया पडायला निघालास. प्रश्न बदलला, आणि गावागावांतून पोरी निघू लागल्या. कागदावर कोणी पोटदुखीनं गेलेली, कोणाचा विहिरीवर पाय घसरला, कोणाला साप.

म्हणजे ते भोक तुला ठाऊक होतं. तूच ते बुजवलंस, आणि आपल्या घरापुरतं उघडं ठेवलंस.

आपल्या घरची मुलाखत तू स्वतः घेतलीस. मला त्या दिवशी केशोरीला पाठवलंस. 'बाई, घरचं मी करतो, तुला त्रास होईल,' म्हणालास. किती माया, असं मला वाटलं होतं.

उत्तर पाठव.

रविता


नवेगाव बांध
२ मे २०२५

उमेंद्र,

तुझं टाईप केलेलं उत्तर मिळालं. मुद्दे पाडले आहेत, वाचायला सोपं गेलं.

तू लिहितोस, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर सर्पदंश आहे. तू लिहितोस, घरच्या जबाबदार माणसाचं म्हणणं कागदाविरुद्ध असेल तरच कागद सोडायचा, आणि बाबूजी 'कोणी वारलं नाही' म्हणाले. बाबूजींना आधीच छातीचा त्रास आहे, आणि तुझं लग्न जुळून राहिलं आहे, मुलीकडचे चौकशी करून राहिले आहेत. आणि शेवटी, एका मृत्यूनं दर फारसा बदलत नाही.

कागदापासून सुरू करू. तो कागद कोणामुळे झाला?

मी त्या दिवशी नवेगावहून निघाले तेव्हा मला एवढंच कळलं होतं, रिंकीला साप चावला. धानाच्या रोवणीचे दिवस, शेताच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या, साप निघतातच. मी पोहोचले तेव्हा तुम्ही सगळे न्हाऊन ओसरीवर बसला होता. मी येईपर्यंत थांबला नाहीत. मी खूप बोलले तेव्हा तुम्हाला, पोरीचं तोंड तरी पाहू द्यायचं. बाबूजी म्हणाले, साप चावलेलं शरीर ठेवत नाहीत. मला पटलं. दोन वर्षं पटलेलंच राहिलं.

मग गेल्या दिवाळीत तू इथं आलास. तुझे जिजाजी लीलाधर मासळी घ्यायला तलावावर गेले होते, घरात आपण दोघंच. तू जेवता जेवता हात थांबवलास आणि रडलास. म्हणालास, बाई, साप नव्हता. म्हणालास, यादोराव काकानं डोकं चालवलं, "रोवनीचे दिवस होयेत, साप म्हना, कोन इचारते?" पोलीस पाटील विचारायला आला, त्याला शंका होती. तेव्हा तू पुढं झालास. नुकताच डॉक्टर झाला होतास. 'मी पाहिलं, सापच आहे,' म्हणालास. डॉक्टर घरचाच, मग आणखी कोणाला बोलवायचं? गावानं तुझ्या डॉक्टरकीचा ऐकलेला पहिला शब्द तो, आणि तो रिंकीवर खर्च झाला.

मी तुला तेव्हा काही बोलले नाही. तू पोरगाच होतास, घाबरला होतास, माय आडवी पडली होती, बाबूजींना पोलिसांची भीती. घाबरलेल्या माणसाला मी काय बोलू? आणि तू पुढं म्हणालास, 'आता मी हाच अभ्यास करतोय, रिंकीसाठी करतोय. तू सोबत चल. बायका माझ्याशी बोलणार नाहीत, तुझ्याशी बोलतील.' मी शिकवणीची पोरं शेजारणीकडं सोपवली आणि तुझ्या मागं निघाले.

बायका बोलल्या माझ्याशी. का बोलल्या, ते तुला माहीत आहे. मी प्रत्येकीला आधी सांगायची, माझी धाकटी बहीण अशीच गेली. माझ्या घरचंही असंच झाकलं. आता आम्ही दोघं बहीणभाऊ ते उघडायला निघालो आहोत, तुमच्या पोरीचं नाव कुठं छापणार नाही, पण तिला मोजणार. रिंकीचं नाव घेतलं की बाई पदर सोडून बोलायला लागायची. तू शेजारी बसून मान हलवायचास. रिंकीच्या नावावर तू त्या सगळ्या पोरी गोळा केल्यास, उमेंद्र, आणि रिंकीलाच बाहेर ठेवलंस. याला मी काय म्हणू? दगा म्हणते. दुसरा शब्द मला येत नाही.

बाबूजी नाही म्हणाले, असं लिहितोस. तुझ्यापुढं दुसरं काय म्हणणार ते? साप सांगितलेला तू, विचारणारा तू, लिहिणारा तू. ते बिचारे तुझ्या तोंडाकडं पाहून बोलले असतील.

आणि एकीनं दर बदलत नाही. हे तू लिहिलंस कसं? त्या गुलाबी दांडीत एक एक करूनच सगळ्या आल्या आहेत. प्रत्येकीच्या भावानं असंच म्हटलं तर दांडी राहते कुठं? मग जिल्ह्यातल्या पोरी सुखी आहेत असाच अहवाल निघेल, आणि साहेब लोक म्हणतील, इकडं काही करायची गरज नाही.

सभागृहात तू म्हणाला होतास, माणूस एका कारणानं जात नाही, आणि वेळेवर कोणी ऐकून घेतलं तर पुष्कळ जण थांबतात. मी ते मनात ठेवलं. रिंकीचं कोणी ऐकलं? नवऱ्याच्या घरी, ओमेशकडं, तिला मारझोड नव्हती, जेवायला मिळत होतं, म्हणून आपण सगळे म्हणत राहिलो, चांगलं घर आहे. तिचा फोन काढून घेतला होता, परीक्षा देऊ दिली नव्हती, दारातल्या बाईशी बोलली तरी सासू हिशेब विचारायची. ती मला म्हणाली होती, "बाई, मले तिथं श्वास नाई घेता येत." मी तेव्हाच बाबूजींना फोन लावून सांगितलं, तिला ठेवून घ्या. ते म्हणाले, उमेंद्रला विचारतो.

तक्ता सुधार. अजून अहवाल छापला नाही म्हणतोस ना? मग वेळ आहे.

रविता


नवेगाव बांध
८ जून २०२५

डॉ. उमेंद्र,

तुझा फोन येऊन गेला, उचलला नाही. लीलाधर म्हणतात, बहीणभावात एवढं ताणू नये. त्यांना म्हटलं, ताणलं मी नाही, मी नुसतं दुसरं टोक धरून आहे.

परवा केशोरीला गेले होते. सत्यभामाबाईंना खोटं सांगून आले होते मी सभागृहात, नकळत का होईना. ते पोटात राहू देणं मला जमेना. त्या अंगणात वाळवण घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, रिंकी नाही त्यात. माझ्या भावानं धरली नाही.

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काऊन नाई धरली?"

मी म्हटलं, भावाचं लग्न जुळतंय, वडिलांची तब्येत बरी नसते.

"मावाल्या घरी कोनाचं लगन नाई का? कोनाची तब्येत नाई का?" मग घराकडं मान करून म्हणाल्या, "हे माह्याशी बोलत नाईत, मालूम हाये ना तुमाले? घरची गोठ बाहेर काढली म्हनून. मी पान वाढतो, उचलून घेतेत, जेवतेत. बोलत नाईत. तुमी सांगतलं, आमच्याई घरी झालं, म्हनून मी तोंड उघडलं जी."

त्यांचे यजमान मुन्नालालजी आतच होते. ऐकत असणार. बाहेर आले नाहीत.

मी म्हटलं, मी भांडते आहे त्याच्याशी. त्या म्हणाल्या, "भांडा. पन तुमची नाई, तं माही बी नको. माही मोनाली काढून टाका. डॉक्टरची बहीन झाकाची अन आमची पोरगी पडद्यावर दाखवाची, असं नाई चालत."

मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर सूप खाली न ठेवता फेकून मारलं असतं. निघताना त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. सहा कोसांवरून आलेल्या माणसाला आपल्याकडं असं कोणी पाठवत नाही, एवढ्यावरून काय ते समज.

एक बाई बोलेल, मग दुसरी. केशोरीपासून आमगावपर्यंत सगळ्यांना कळायला किती दिवस लागतात? संमती परत घ्यायचा हक्क त्यांना आहे, तूच वाचून दाखवायचास. सगळ्या पोरी परत आपापल्या सापाकडं, आपापल्या विहिरीकडं जातील. पुढच्या खेपेला कोणी खरंखुरं विचारायला आलं तरी दार उघडणार नाही. रिंकी आत येईल, नाहीतर सगळ्या बाहेर जातील, हे तुला कळतंय का?

आखाडीच्या सणाला मी माहेरी जाणार आहे. तोवर तुझं उत्तर आलं तर ठीक.

रविता


नवेगाव बांध
१४ जुलै २०२५

उमेंद्र,

तुझं उत्तर आलं नाही. मी आखाडीला घरी गेले.

माय हरखली होती मी आले म्हणून. रिंकी गेल्यापासून आपल्या घरात आखाडी नाहीच. माय तेल-कढई काढत नाही. यंदा मी म्हटलं, काढ. वडे केले, बाबूजींनीही खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजी खाटेवर बसले होते, माय अंगणात रोवणीच्या बायकांसाठी जेवण बांधत होती. मी बाबूजींसमोर जमिनीवर बसले आणि जसं सगळ्या घरी विचारलं तसं विचारलं. आधी सांगितलं की उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, मध्येच थांबवलंत तरी चालेल.

बाबूजी म्हणाले, "आपल्याच घरी इचारून राहिली का वो?"

म्हटलं, सगळ्यांच्या घरी विचारलं, आपलं राहिलं होतं.

"उमेंद्रनं इचारलं ना. कोनी नाई मेलं."

"या घरची लेक, या घरची सून, कुठंही वारली असो?"

"लेक दिल्या घरची," बाबूजी म्हणाले. रागावून नाही. जसं आपण कोणालाही सांगतो तसं.

माय हात पुसत येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "रिंकी. लिही. एकवीस वर्साची होती."

बाबूजी म्हणाले, "ते साप होता."

"साप मी नाई पाह्यला," माय म्हणाली. "पोरगी पाह्यली. पह्यले मीच पाह्यली. तुमी मांगून आले."

तीन वर्षांत मायच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. मला वाटलं होतं, तिनं सापावर विश्वास ठेवला, तिला ते बरं पडलं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. तू घरची मुलाखत घेतलीस तेव्हाही ती चहा देऊन आत गेली, आणि तू तिला हाक मारली नाहीस. तिनं मला हे सांगितलं, आणि आणखी एक गोष्ट सांगितली, जी तू दिवाळीत माझ्यासमोर रडताना गाळलीस.

आदल्या दिवशी संध्याकाळी जेवताना रिंकी तुला म्हणाली, "दादा, आनखी चार दिस राहू दे ना मले." तू म्हणालास, ओमेशच्या बापाला शब्द दिला आहे, उद्या सकाळी नेऊन देतो. तिनं आणखी काही मागितलं नाही. सकाळी तू गाडी पुसून दारात लावली होतीस.

त्या एका वाक्यानं ती गेली, असं मी म्हणत नाही. तू म्हणाला होतास ना, एका कारणानं कोणी जात नाही. ते मी तुझ्यासाठीही खरं धरते. तुझ्या जागी बाबूजी असते तर तेही हेच म्हणाले असते, गावातला कोणताही भाऊ हेच म्हणाला असता. ते मी माफ केलं असतं, अगदी त्याच दिवशी. पण ते वाक्य झाकायला तू तिला आधी साप दिलास आणि नंतर शून्य दिलंस. आणि मधल्या काळात मला गाडीवर मागं बसवून गावोगाव तिचं नाव घ्यायला लावलंस.

बाबूजी उठून बांधीकडं गेले. दुपारी परत आले, जेवले. लिहिलेलं पुसून टाक, असं म्हणाले नाहीत.

मग मी तुझ्या सरांना फोन केला. त्यांचा नंबर आपण प्रत्येक घरी देऊन आलो आहोत, 'काही तक्रार असल्यास' म्हणून. आतापर्यंत कोणी लावला नसावा, कारण ते आधी गडबडले. मी सांगितलं, एक मृत्यू राहून गेला आहे. वय एकवीस, बाई, माहेरी, आत्महत्या, सांगणारी तिची आई. ते चांगले आहेत, मध्ये बोलले नाहीत. म्हणाले, ते स्वतः येऊन आईशी बोलतील, आणि आई हेच म्हणाली तर दोन्ही तक्ते बदलतील, वयाचा आणि गावांचा. मी केशोरीला निरोप पाठवला आहे. सत्यभामाबाईंनी कळवलं, आधी बदलू द्या, मग पाहतो.

शेवटी सरांनी विचारलं, कागदावर साप कसा आला? त्या वेळी कोणी डॉक्टर होता का तिथं?

मी म्हटलं, होता. त्यांनी नाव विचारलं. मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. ते म्हणाले, हे आपलेच उमेंद्र का? म्हटलं, हो, तिचा भाऊ.

आता ते तुझ्याशी बोलतील. तुझ्या नोकरीचं, लग्नाचं काय होईल, मला ठाऊक नाही. व्हावं अशी माझी इच्छा नव्हती.

मायला लिहिता येत नाही, म्हणून तिचा निरोप मी लिहिते. ती म्हणाली, त्याले सांगून दे, मी त्याच्यावर नाराज नाई, येऊन जाजो.

नाराज मी आहे.

रविता